‘समजलं ना?’ ‘होऽऽ!’ मग चाचणीत काय होतं?

पत्र थोडक्यात: तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. वर्गात ४८ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. त्या लिहितात, ‘‘मी तयारी करून जाते, फळ्यावर एकेक पायरी सोडवून दाखवते. मुलं शांत बसून ऐकतात, विचारलं की समजलं म्हणतात, तुमचा तास आवडतो असंही सांगतात. तरी सहावीच्या दशांश अपूर्णांकांच्या घटक चाचणीत निम्म्याहून जास्त मुलांना २० पैकी ८ गुणसुद्धा नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, गृहपाठ वाढवा. एक सहकारी म्हणतात, खडू-फळा सोडा, सगळं कृतीतून घ्या. मला वाटतं मुलांचा पाया कच्चा आहे. नाहीतर मग मलाच शिकवता येत नाही. त्यात पोर्शन संपवायची घाई. नेमकं काय बदलू?’’

प्रिय बाई,

मुलं समजलं म्हणतात आणि मुलांना तास आवडतो, या दोन गोष्टींच्या भरवशावर तुम्ही आजवर पुढे सरकत आलात. दोन्ही खऱ्याच असतील. पण त्यावरून गणित आलं असं म्हणता येत नाही, आणि चाचणीत गुण पडले नाहीत म्हणून तुम्हाला शिकवता येत नाही, असंही ठरत नाही. तुमच्या पत्रावरून दिसतं ते एवढंच की चाचणीचे पेपर हातात येईपर्यंत ४८ डोक्यांत काय चाललंय हे कळायची सोय तुमच्या तासात नव्हती. तपासणी झाली ती घटक संपल्यावर, म्हणजे दुरुस्तीची वेळ टळून गेल्यावर.

यात तुम्ही एकट्या नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांना विद्यार्थी वर्षानुवर्षं उत्तम शेरे देत होते. १९९०च्या सुमारास त्यांनी बल आणि गती यांच्या अगदी प्राथमिक कल्पनांवरची एक चाचणी वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची की मला वाटतं तशी? निकाल निराशाजनक लागला. सूत्रं घालून मोठी गणितं सोडवणारी मुलं साध्या कल्पनांत अडखळत होती. पुढे मझूर यांनी तासाची घडणच बदलली. थोडं शिकवायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. तिथल्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या वर्गात मुलांना स्वतः डोकं चालवावं लागलं, तिथली मुलं चाचणीत पुढे होती. पण आपण कमी शिकलो असं वाटत होतं तेही त्यांनाच. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, पण तेवढ्याने ते आलेलं नसतं.

आता तुमच्याच वर्गात या. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्या शाळांमध्ये एकच उत्तर असतं, आणि ते सुरात येतं. समजलं नाही असं ४७ जणांसमोर म्हणायचं धाडस बारा वर्षांच्या मुलाकडून कशाला अपेक्षायचं? दुसरी एक सवय याहून फसवी आहे. आपण वाक्य अर्धवट सोडतो, ‘‘छेद समान नसले तर आपण छेद समान कऽऽ...’’ आणि वर्ग पुरं करतो, ‘‘...रतोऽऽ!’’ यात मुलांनी गणिताचा नव्हे, क्रियापदाचा विचार केलेला असतो. पुढच्या बाकांवरची चार-पाच मुलं आवाज देतात, बाकीची अर्ध्या क्षणाने त्यात मिसळतात, आणि शिक्षकाला वाटतं वर्ग बरोबर चाललाय. पुढच्या तासात या दोन्ही गोष्टी किती वेळा होतात ते नुसतं पाहा. बोलताना भान राहत नाही, म्हणून मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून घरी ऐकलात तर जास्त बरं.

त्यांच्या जागी काय आणायचं? तासाच्या मध्यावर, साधारण पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला, सगळ्या मुलांनी एकाच वेळी उत्तर द्यायचा एक प्रश्न. तो आदल्या दिवशीच तयार हवा. वर्गात उभ्याउभ्या सुचलेला प्रश्न बहुतेकदा फसतो, आणि का फसतो ते दशांश अपूर्णांकांवरच बघू.

समजा तुम्ही विचारलंत, ‘०.४५, ०.८ आणि ०.१२५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती?’ उत्तर ०.८. पण ०.८ म्हणणारी सगळी मुलं समजून म्हणत नाहीत. दशांश अपूर्णांकांत मुलं मुख्यतः दोन प्रकारे चुकतात. काहींना वाटतं, जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी, कारण १२५ हे ८ पेक्षा मोठेच की. काहींनी ‘दशांश हा शतांशापेक्षा मोठा असतो’ एवढंच धरून ठेवलेलं असतं, म्हणून त्यांना जितके अंक कमी तितकी संख्या मोठी वाटते. वरच्या प्रश्नात या दुसऱ्या गटालाही उत्तर बरोबर येतं आणि तुम्ही निर्धास्त होऊन पुढे जाता. आता संख्या बदला, ०.६२, ०.४, ०.२३५. पहिला गट ०.२३५ म्हणेल, दुसरा ०.४, आणि ज्याला स्थानिक किंमत कळली आहे तोच ०.६२ म्हणेल. कोण चुकलं आणि का चुकलं, दोन्ही एका प्रश्नात दिसतं. प्रश्न तयार करताना कसोटी एकच लावा, चुकीच्या वाटेने गेलेल्याला बरोबर उत्तर मिळतंय का? मिळत असेल तर प्रश्न टाकून द्या.

उत्तर घेण्यासाठी यंत्रं लागत नाहीत. पर्यायांना १, २, ३ क्रमांक द्या. मुलांनी बोटं छातीशी धरायची, डोक्याच्या वर नाही, नाहीतर मागचा पुढच्याची नक्कल करतो. ‘दाखवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदमच. लिहून घ्यायचं असेल तर पाटी-पेन्सिल अजूनही सर्वांत स्वस्त. तीही नको असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये पांढरा कोरा कागद घाला, वर पुसता येणाऱ्या मार्करने लिहायचं, पुसायला जुन्या सुती कापडाचा तुकडा. पहिले तीन-चार दिवस मुलं त्यावर चित्रंच काढतील, तेवढं होऊ द्या. वाटायला आणि गोळा करायला दर रांगेला एक मूल नेमा, नाहीतर त्यातच पाच मिनिटं जातात.

बोटं दिसली की पुढची चाल लगेच ठरायला हवी. ४८ पैकी ३८च्या वर मुलं बरोबर असतील तर पुढे जा, चुकलेल्यांची नावं मनात ठेवा आणि सराव चालू असताना त्यांच्या बाकाशी जा. १५च्या खाली असतील तर थांबा, त्या दिवशी पुढचं काही शिकवू नका. आकडा या दोहोंच्या मधला असेल तर उत्तर जाहीर न करता दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा बोटं मागा. चर्चा सगळ्यात रंगते ती या मधल्या स्थितीत. ज्याला येतं त्याला कारण सांगावं लागतं, आणि नुकतंच समजलेल्या मुलाचं कारण शेजाऱ्याच्या चटकन गळी उतरतं.

पुन्हा शिकवणं म्हणजे तेच वाक्य मोठ्याने म्हणणं नव्हे. या उदाहरणात शिवणकामाची टेप किंवा शाळेतली मीटरपट्टी काढा. ०.६२ मीटर म्हणजे ६२ सेंटिमीटर, ०.४ मीटर म्हणजे ४० सेंटिमीटर, ०.२३५ मीटर म्हणजे २३ सेंटिमीटर आणि ५ मिलिमीटर. तीन मुलांना तीन खुणा करायला लावा. रुपये-पैसे मात्र इथे टाळा. पैशांत मुलं पॉइंटच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या पूर्ण संख्याच बघतात, आणि तिसऱ्या अंकाला तिथे जागाच नसते. ‘शून्य पॉइंट दोनशे पस्तीस’ असं वाचायचंही सोडा. अंक सुटे वाचा, पॉइंट दोन-तीन-पाच. शेवटी शून्यं जोडून ०.६२०, ०.४००, ०.२३५ अशी तुलना करायची युक्ती जरूर द्या, पण टेपनंतर. आधी दिलीत तर उत्तरं येतील, अर्थ तिथेच राहील.

तोंडी प्रश्नांबद्दल दोनच गोष्टी. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तेव्हा आधी प्रश्न, मग मनात एक-दोन-तीन, आणि त्यानंतर नाव. नाव आधी घेतलंत तर बाकीची ४७ मुलं सुटतात. नावं हात वर करणाऱ्यांतून घेऊ नका, हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवा. ‘येत नाही’ म्हणणाऱ्याला उभं ठेवायचं नाही, रागवायचं तर नाहीच. दुसऱ्याकडून उत्तर घ्या आणि परत पहिल्याकडे येऊन त्याच्याच शब्दांत ते सांगायला लावा. अपमानाची भीती शिरली की चिठ्ठ्यांचा डबा म्हणजे छळ होतो.

आता तुमच्यापुढच्या सल्ल्यांकडे वळू.

मुख्याध्यापक म्हणतात ते अर्धं खरं आहे. सराव लागतोच. पण ज्याच्या डोक्यात ‘अंक जास्त तर संख्या मोठी’ बसलंय, त्याने घरी वीस उदाहरणं केली तर तीच चूक वीसदा घोटवली जाते. शिवाय बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक सरावसंच आपापल्या घटकाचा असतो, त्यामुळे काय करायचं हे मूल मथळा बघूनच ओळखतं, उदाहरण वाचायची गरज पडत नाही. सत्र परीक्षेत मथळा नसतो, तिथे फजिती होते. म्हणून गृहपाठ वाढवू नका, मिसळा. सहा उदाहरणं पुरतात. दोन आजची, दोन मागच्या आठवड्यातली, दोन महिन्यापूर्वीच्या घटकातली. पुस्तकातल्या संकीर्ण प्रश्नसंग्रहाला घटक संपेपर्यंत हात न लावायची पद्धत आहे, तीही मोडा.

सहकाऱ्यांच्या सल्ल्याबाबत जरा सावध राहा. ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतःच्या कृतीतून आणि अनुभवातून ज्ञान घडवतं या विचाराचं, वारं आपल्याकडे, विशेषतः राज्य सरकारच्या २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमापासून, जोरात वाहिलं. त्यातून अनेक शाळांत खरोखर चांगलं काम झालं. पण शिक्षकाने बोलूच नये असा एक भलताच अर्थही रुजला. अमेरिकी शिक्षण-संशोधक बराक रोझेनशाइन यांनी प्रभावी शिक्षकांवरच्या संशोधनाचं सार २०१२ साली मांडलं. त्यात ४० मिनिटांच्या गणिताच्या तासात सर्वांत प्रभावी शिक्षक सुमारे २३ मिनिटं समजावणं, प्रश्न विचारणं आणि उदाहरणं सोडवून दाखवणं यांवर घालवताना दिसतात, सर्वांत कमी प्रभावी शिक्षक फक्त ११. नवं शिकणाऱ्याला सोडवून दाखवलेलं उदाहरण लागतंच. तेव्हा खडू-फळा सोडू नका. कृती निवडताना एवढंच विचारा की कृती करताना मूल नेमका कशाचा विचार करणार? अपूर्णांकाची चकती कापून, रंगवून, चिकटवण्यात २५ मिनिटं गेली आणि १/४ आणि १/३ यांतलं मोठं कोणतं हा विचार दोनच मिनिटं झाला, तर तो हस्तकलेचा तास झाला. तीच चकती आधीच कापून आणलीत तर हरकत नाही.

तुमच्या फळ्यावरच्या कामात मी एक बदल सुचवेन. उदाहरण सोडवताना वह्या बंद, पेन खाली. मुलं एकीकडे उतरवत असली की हात चालतो आणि कान बंद होतो. दोन उदाहरणं पूर्ण सोडवून दाखवा आणि प्रत्येक पायरीला ‘हे का केलं’ विचारा. तिसरं अर्धं सोडवा, उरलेलं मुलांनी पाटीवर पुरं करायचं. चौथं त्यांचं त्यांनी. वहीत उतरवायला यानंतर वेळ द्या, आणि चारही नव्हे, एकच उदाहरण.

पाया कच्चा हे निदान घाईचं वाटतं. असेलही कच्चा, पण कुणाचा, आणि कुठे? दहा उदाहरणांची, बिनगुणांची एक चाचणी घ्या. त्यात दोन पाढ्यांवर, दोन स्थानिक किमतीवर, दोन भागाकारावर, दोन साध्या अपूर्णांकांवर आणि दोन चालू घटकाची असू द्या. बहुधा असं दिसेल की निम्मा वर्ग कच्चा नाही, सात-आठ मुलंच फार मागे आहेत आणि मधल्या पंधरा-वीस जणांचं एखाद्याच गोष्टीत अडतंय. मधल्यांना रोजच्या उजळणीत सांभाळता येतं. सात-आठ जणांना मात्र इयत्तेच्या हिशेबाने नव्हे, ते आज जिथे आहेत तिथून शिकवावं लागेल. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने मुलांचे इयत्तेऐवजी स्तरानुसार गट करण्याची जी पद्धत देशभर चालवली, तिचं मर्म हेच आहे. शाळा भरण्याआधी वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, एका वेळी एकच कौशल्य. पाचवीचा सगळा अभ्यासक्रम पुन्हा काढून बसू नका.

तुमच्या पत्रात न आलेली एक बाजू विसरण्याची आहे. समजा त्या तासाला मुलांना खरंच समजलं होतं, तरी तीन आठवड्यांनी ते जागेवर असेल असं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे होती. आठवड्याने मात्र उतारा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलेलं आढळलं. म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं आठवण्यासाठी राखा. तुम्ही वर्गात शिरण्याआधीच एखाद्या मुलाने फळ्यावर चार प्रश्न लिहून ठेवलेले असावेत. एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा, एक आज लागणाऱ्या आधीच्या ज्ञानाचा. वही-पुस्तक बंद. उत्तरं सांगा, मुलांनी स्वतःची स्वतः तपासायची, गुण नोंदवायचे नाहीत. गुण आले की नक्कल आलीच.

तासाच्या शेवटची तीन मिनिटं पाव कागदावर एकच उदाहरण. बाहेर जाताना कागद टेबलावर. शिक्षकखोलीत त्यांचे तीन ढीग करा, जमलेले, थोडक्यात चुकलेले आणि दिशाच चुकलेले. दहा मिनिटांचं काम आहे, ४८ वह्या तपासण्यापेक्षा कितीतरी हलकं. सर्वांत मोठा जो चुकीचा ढीग असेल, त्यातली चूक उद्याच्या पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर, नाव न घेता. कागद परत देताना गुण घालू नका, एक ओळ लिहा. रूथ बटलर या संशोधिकेच्या १९८८च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली. शेऱ्याबरोबर गुणही दिले, तिथे शेऱ्याचा फायदा दिसला नाही, कारण मूल गुण बघतं आणि कागद मिटतं. रोज ४८ शेरे जमणार नाहीत. आठवड्यातून एकदा, तेही फक्त मधल्या ढिगाला.

पोर्शनचं गणित करू. पाच मिनिटं सुरुवातीची, तीन शेवटची, तीन-चार मधल्या प्रश्नाची, म्हणजे ३५ पैकी बारा मिनिटं गेली. वेळ वाचणार तो मुख्यतः फळ्यावरून उतरवून घेण्यात, आणि चाचणीनंतर अख्खा घटक पुन्हा शिकवण्यात जातो त्यात. तरी पहिल्या महिन्यात तुम्ही दोन-तीन तासिका मागे पडाल, हे गृहीत धरूनच चला. दोन्ही इयत्तांना एकदम सुरू करू नका. सहावीची एकच तुकडी, एकच घटक. एका आठवड्यात फक्त मधला प्रश्न आणा, दुसऱ्यात सुरुवातीची पाच मिनिटं, तिसऱ्यात पाव कागद. सगळं सोमवारीच सुरू केलंत तर बुधवारी सुटेल.

आणखी एक होईल. मुलं म्हणतील, मॅडम हल्ली अवघड शिकवतात. आतापर्यंत ज्याला तास सोपा वाटत होता त्याला आता रोज उत्तर द्यावं लागतंय. हे ऐकून जुन्या वाटेला लागू नका, पण मधल्या प्रश्नांत सतत निम्म्याहून जास्त मुलं चुकत असतील तर टप्पे फार लांब पडताहेत असं समजा आणि ते तोडा.

इतर विषयांच्या शिक्षकांनाही यातलं बरंच वापरता येईल. विज्ञानात विचारा, वाळलेल्या लाकडाच्या ओंडक्याचं बरंचसं वजन कुठून आलं, मातीतून, हवेतून की सूर्यप्रकाशातून? प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या तोंडपाठ असलेली मुलंही ‘हवा’ऐवजी ‘माती’ म्हणतील. मराठीत कवितेचा आशय सांगून झाल्यावर ‘कळलं का’ऐवजी कवितेत नसलेला, पण पटण्यासारखा एक अर्थ आणि खरा अर्थ शेजारीशेजारी लिहा, आणि कोणती ओळ कुणाच्या बाजूने बोलते ते शोधायला लावा. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकाच खोलीत असतील तर पाच मिनिटांची उजळणी एका इयत्तेला कामाला लावते, तोवर दुसरीला शिकवता येतं.

मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा नवी पद्धत वगैरे शब्द टाळा. एवढंच मागा की एका तासाला एखादे सहकारी मागे बसतील. त्यांच्या हातात बाकांचा नकाशा द्या आणि जे मूल एकट्याने उत्तर देईल त्याच्या जागी खूण करायला सांगा. खुणा बहुधा पुढच्या दोन बाकांवर आणि मधल्या रांगेत दाटतील. तो कागद जपून ठेवा, महिन्याने पुन्हा तसाच एक काढून घ्या. आणि पुढच्या घटक चाचणीत, घटक कुठलाही असला तरी, एक प्रश्न दशांशांचा घाला, ०.८१, ०.७ आणि ०.५४६ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती. ०.५४६ लिहिणारे किती आणि ०.७ लिहिणारे किती, हे वेगवेगळं मोजा. तुलनेसाठी असेच दोन आकडे आत्ताच्या चाचणीच्या पेपरांतूनही, ते परत देण्याआधी, काढता आले तर बघा.